पाखरांची रोजकीर्द

डॉ. सलीम अली म्हटले की अंगाने काटकुळा, पांढऱ्या दाढीचा, गळ्यात दुर्बीण अडकवलेला एक म्हातारा आपल्या डोळ्यांसमोर येतो. शाळेच्या पुस्तकात आपण त्यांना याच रूपात पाहिले, टपालाच्या तिकिटावरही पाहिले. भारताचा पक्षिमानव ही पदवी त्यांना इतकी चिकटली आहे की तो माणूस जन्मतःच दुर्बीण घेऊन आला असावा असे वाटते. मला मात्र त्यांच्या चरित्रातली एक गोष्ट विशेष जवळची वाटते. या माणसाने तरुणपणी मुंबईच्या दावर कॉलेजात व्यापारी कायदा आणि हिशेबाचे शिक्षण घेतले होते. माझे सारे आयुष्य बँकेत रोजकीर्द आणि खतावणी तपासण्यात गेले. त्यामुळे त्यांची पुस्तके वाचताना मला ओळखीचा वास येतो. कोणता पक्षी, किती, कुठे, कोणत्या तारखेला, काय करताना दिसला. दिसले ते लिहिले. दिसले नाही ते लिहिले नाही. रोजकीर्दीला याहून दुसरा नियम नसतो.

सेनगावला राहून त्यांच्याविषयी लिहायचे कारणही तेच आहे. आमचे सेनगाव आज हिंगोली जिल्ह्यात आहे. १९९९ पूर्वी ते परभणी जिल्ह्यात होते आणि १९४८ पूर्वी निजामाच्या हैदराबाद संस्थानात. त्या संस्थानातल्या पाखरांची पहिली पद्धतशीर मोजदाद सलीम अलींनी केली. मराठवाड्याच्या पक्ष्यांच्या खात्यातली सुरुवातीची शिल्लक आपल्याला ठाऊक आहे ती त्या मोजदादीमुळे. ही शिल्लक लिहिणारा माणूस त्या वेळी नोकरी गेलेला आणि पदवी नसलेला होता, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही.

त्यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. भावंडांतले ते सर्वांत धाकटे. वर्षाचे असताना वडील गेले, तीन वर्षांचे असताना आई गेली. मामा अमीरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांना मूलबाळ नव्हते. त्यांनी खेतवाडीतल्या आपल्या घरी या पोरक्या भाच्यांना वाढवले. मामा शिकारीचे शौकीन होते. मुलांना खेळण्यातली छऱ्याची बंदूक मिळाली आणि सुट्टीत चिमण्या टिपणे हा उद्योग झाला. दहा-बारा वर्षांच्या सलीमने एकदा टिपलेली चिमणी नेहमीसारखी नव्हती. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. मामांना ती ओळखता आली नाही. त्यांनी चिठ्ठी देऊन पोराला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत पाठवले.

ही संस्था १८८३ मध्ये स्थापन झाली होती आणि तिचा कारभार तेव्हा इंग्रजांच्या हाती होता. चिटणीस मिलार्ड साहेबांनी त्या मुलाला आत घेतले. ही पिवळ्या गळ्याची रानचिमणी आहे, असे त्यांनी सांगितले आणि कपाटाचे खण उघडून पेंढा भरलेले कितीतरी पक्षी दाखवले. वाचायला पुस्तके दिली. पक्ष्याची कातडी सोलून ती टिकवायची कशी आणि तिच्या पायाला ठिकाण-तारखेची चिठ्ठी बांधायची कशी, हे शिकण्याचीही सोय झाली. चिठ्ठी नसलेला पक्षी कितीही सुंदर असला तरी अभ्यासाला निरुपयोगी असतो, हा धडा त्यांना असा लहानपणीच मिळाला. पुढे ८८ व्या वर्षी, म्हणजे १९८५ मध्ये, त्यांचे आत्मचरित्र निघाले, तेव्हा त्याच्या नावातही त्यांनी चिमणीच ठेवली.

शाळेत मात्र गडी रमला नाही. डोकेदुखीने हैराण होऊन काही दिवस सिंधमध्ये नातेवाइकांकडे राहिले आणि १९१३ मध्ये कसेबसे मॅट्रिक झाले. नंतर घरच्या खाणीच्या आणि लाकडाच्या धंद्याला हातभार लावायला ब्रह्मदेशातल्या तावॉयला गेले. तिथले जंगल पाखरांनी भरलेले. धंद्याकडे लक्ष किती राहिले असेल याची कल्पना वाचकांनी करावी. १९१७ मध्ये परत आल्यावर घरच्यांनी हिशेब शिकायला घातले. सकाळी दावर कॉलेजात जमाखर्च आणि तिथून पुढे सेंट झेवियर्स कॉलेजात प्राणिशास्त्राचे वर्ग असा त्यांचा दिनक्रम झाला. ही वाट दाखवणारे झेवियर्सचे फादर ब्लॅटर. अभ्यासक्रम पुरा झाला, पण विद्यापीठाची पदवी काही पदरात पडली नाही. १९१८ च्या डिसेंबरात तहमीना या दूरच्या नात्यातल्या मुलीशी त्यांचे लग्न झाले. पुढे ब्रह्मदेशातला धंदाही टिकला नाही.

पदवी नसल्याची किंमत त्यांना लवकरच मोजावी लागली. भारतीय प्राणिसर्वेक्षण खात्यात पक्षितज्ज्ञाची जागा निघाली होती. ती मिळाली नाही. १९२६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच्या, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या, निसर्गविभागात लोकांना माहिती सांगणाऱ्या व्याख्यात्याची जागा मिळाली. पगार महिना ३५० रुपये. त्या काळी हा पगार चांगलाच होता. दोन वर्षांनी ते अभ्यासरजा घेऊन जर्मनीला गेले. बर्लिनच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयात प्रा. श्ट्रेझमान यांच्या हाताखाली शिकले. हेलिगोलंड बेटावर पक्ष्यांच्या पायात कडी कशी घालतात ते पाहिले. शास्त्रीय शिस्त अंगी बाणवून १९३० मध्ये ते मुंबईला परतले, तर पैशाअभावी त्यांची जागाच रद्द झाली होती.

वय चौतिशीचे, घरात पत्नी, हातात परदेशी शिक्षण आणि नोकरी नाही. आपल्याकडच्या कोणत्याही घरात अशा वेळी काय बोलणे होते ते सांगायला नको. तहमीनाबाई दुसऱ्या मातीच्या असाव्यात. दोघांनी मुंबईचा खर्च आवरला आणि अलिबागजवळच्या किहीम गावी समुद्रकाठच्या घरात मुक्काम हलवला. पावसाळा सुरू झाला होता. घराजवळच सुगरणींची वसाहत होती. दुसरे काही करण्यासारखे नव्हते म्हणा किंवा करायला याहून चांगले काही नव्हते म्हणा, सलीम अली तासन् तास आडोशाला बसून सुगरणी पाहू लागले आणि पाहिलेले वहीत उतरवू लागले.

सुगरण कोणी पाहिली नाही? आमच्या भागात जुन्या विहिरीवर झुकलेली बाभळ असली की पावसाळ्यात तिच्या फांद्यांना खोपे लटकलेले दिसतातच. खाली पाणी आणि भोवती काटे, म्हणजे सापाला-मांजराला वाट नको. बायाबापड्यांनी आपल्या लेकीसुनांना या पाखराचे दाखले दिले आणि भाषेने त्याला सुगरण हे बाईचेच नाव दिले. आता सलीम अलींच्या वहीत काय उतरले ते पाहा. खोपा विणतो तो नर. गवताच्या, शिंदीच्या पानांच्या चिरफळ्या आणून तो एकटा विणत बसतो. खोपा अर्धा झाला, टोपीसारखा दिसू लागला की माद्यांचा थवा येतो. एकेक मादी आत शिरून तपासणी करते. पसंत पडला तर ती तिथे बिऱ्हाड मांडते आणि मगच नर खालची लांब नळी पुरी करतो. नापसंत ठरलेले खोपे अर्धवट लोंबकळत राहतात. बरे, एक संसार मांडून झाला, मादी अंड्यांवर बसली की हा गडी शेजारच्या फांदीवर दुसरा खोपा विणायला घेतो आणि दुसऱ्या मादीची वाट पाहतो.

हजारो वर्षे हे खोपे माणसांच्या डोळ्यांदेखत विणले जात होते. आपण त्यांवर ओव्या रचल्या, म्हणी केल्या, पण रोज बसून कोण काय करते याची तारीखवार नोंद ठेवली नव्हती. बेकार झालेल्या एका माणसाने एका पावसाळ्यात ती ठेवली. तो लेख सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला आणि जगातल्या पक्षितज्ज्ञांनी सलीम अली या नावाची दखल घेतली. त्यांच्याकडे या अभ्यासासाठी ना प्रयोगशाळा होती ना अनुदान. डोळे होते, वही होती आणि भरपूर वेळ होता. या तीन गोष्टी सेनगावातही मिळतात, हे मला या गोष्टीत फार महत्त्वाचे वाटते.

पोटाचा प्रश्न मात्र राहिलाच. त्यावर त्यांनी काढलेला तोडगा हिशेबी माणसालाच सुचावा असा होता. देशात शेकडो संस्थाने होती आणि त्यांतल्या बहुतेकांच्या हद्दीतली पाखरे कोणी नीट मोजलेली नव्हती. त्यांनी संस्थानिकांपुढे प्रस्ताव ठेवला की मला पगार नको, फक्त तळाचा आणि प्रवासाचा खर्च द्या, मी तुमच्या राज्यातल्या पक्ष्यांची पाहणी करून देतो. त्यातून १९३१-३२ च्या हिवाळ्यात हैदराबाद संस्थानाची पाहणी झाली. बैलगाड्या, तंबू, कंदील आणि पायपीट. तळाची सारी व्यवस्था तहमीनाबाईंकडे. सुखवस्तू घरात वाढलेली आणि विलायतेत राहिलेली ही बाई रानात राहायला आनंदाने तयार झाली. पाहणीचे निष्कर्ष १९३३-३४ मध्ये हप्त्याहप्त्याने प्रसिद्ध झाले आणि ह्यू व्हिसलर या इंग्रज पक्षितज्ज्ञाने त्यांवर टिपणे लिहिली. पुढे कोचीन, त्रावणकोर, ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ, म्हैसूर, बडोदे अशी संस्थानामागून संस्थाने त्यांनी पायाखाली घातली.

या पाहण्यांत त्यांनी पक्षी मारले, हे लपवण्यात अर्थ नाही. त्या काळी शास्त्र बंदुकीच्या नळीतून जात असे. आज घरातल्या नातवंडांना हे सांगितले तर ती नाक मुरडतील, आणि ते बरोबरही आहे. पण त्यांनी गंमत म्हणून मारलेल्या पाखरांचा ढीग लावला नाही. प्रत्येक पक्ष्याच्या पायाला चिठ्ठी बांधली गेली आणि तो सोसायटीच्या संग्रहात अभ्यासासाठी राहिला. पुढे याच हातांनी हजारो जिवंत पक्ष्यांच्या पायांत कडी घातली आणि त्यांना सोडून दिले.

पाहणी हिवाळ्यात झाली याला महत्त्व आहे. आमच्याकडचा हिवाळा म्हणजे पाहुण्यांचा हंगाम. दसऱ्याच्या सुमारास शेताच्या तारेवर नीलकंठ दिसला की लोक हात जोडतात. त्याच दिवसांत ओल्या बांधावर शेपटी हलवत परीट चालू लागतात. माळावर भोवत्या ससाणा जमिनीला घासून घिरट्या घालतो. आणि ज्वारी निसवली की भोरड्या येतात. गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या या पाखरांचे थवे आभाळात वळतात तेव्हा वाऱ्यावर कोणी चादर झटकावी तसे दिसते. आमच्या लहानपणी माळ्यावर उभे राहून गोफणीने भोरड्या हाकलणे हे सुट्टीतले ठरलेले काम होते. ही चोरटी पाखरे मध्य आशियाच्या गवताळ मुलखातून येतात आणि तिथे पिलांना टोळ भरवून वाढवतात, हे आम्हांला कोण सांगणार? उन्हाळ्याच्या तोंडाशी पळसावर त्यांचा शेवटचा गलका होतो आणि एका दिवशी झाड गप्प होते. मग टिटवी उघड्या रानात ढेकळांच्या रंगाची अंडी घालते. मृगाच्या आगेमागे पावशा पेरते व्हा म्हणून ओरडू लागतो. आफ्रिकेकडून मोसमी वाऱ्यांबरोबर चातक येतो आणि सुगरणीच्या डोक्यावर पुन्हा पिवळी टोपी चढते.

सलीम अलींच्या आयुष्यातला उन्हाळा १९३९ मध्ये आला. एका लहानशा शस्त्रक्रियेनंतर तहमीनाबाई वारल्या. नोकरी गेली तेव्हा आणि रानोमाळ फिरण्यात जिने साथ दिली ती गेली. मूलबाळ नव्हते. ते बहीण कमू आणि मेहुणे हसन अली यांच्याकडे राहायला गेले. पुन्हा लग्न केले नाही. दोनच वर्षांनी, १९४१ मध्ये, भारतीय पक्ष्यांवरचे त्यांचे पहिले पुस्तक बाहेर आले. रंगीत चित्रे, मोजका मजकूर आणि सामान्य माणसाला पाखरू ओळखता यावे अशी मांडणी. तोवर पक्ष्यांची पुस्तके साहेबांसाठी असत. हे पुस्तक कारकून, मास्तर आणि शाळकरी पोरेही वाचू लागली. पंडित नेहरूंनी डेहराडूनच्या तुरुंगातून ते कन्या इंदिरेला पाठवले आणि तिलाही पाखरांचा छंद लागला.

या ओळखीचा उपयोग त्यांनी स्वतःसाठी केला नाही. स्वातंत्र्यानंतर इंग्रज मंडळी निघून गेली आणि सोसायटी पैशाविना अडचणीत आली, तेव्हा त्यांनी नेहरूंना लिहून मदत मिळवली. भरतपूरचे तळे आटवून शेतीला द्यावे अशी मागणी होती. तिथल्या पाणपक्ष्यांसाठी ते ठामपणे उभे राहिले. पुढे ते राष्ट्रीय उद्यान झाले. केरळातल्या सायलेंट व्हॅलीचे जंगल धरणाखाली जाऊ नये म्हणून झटणाऱ्यांत वयाची ऐंशी उलटलेले सलीम अली होते. १९८४ मध्ये तेही राष्ट्रीय उद्यान झाले. दरम्यान १९६८ ते १९७४ या काळात अमेरिकन सहकारी डिलन रिप्ली यांच्याबरोबर त्यांनी भारतीय उपखंडातल्या पक्ष्यांचा दहा खंडांचा ग्रंथ पुरा केला. हा ग्रंथ म्हणजे आयुष्यभराच्या रोजकीर्दीवरून मांडलेली खतावणीच. १९७६ मध्ये पद्मविभूषण मिळाले. मोठ्या आंतरराष्ट्रीय पुरस्काराची रक्कम आली ती निसर्गरक्षणाच्या निधीत गेली. १९८५ मध्ये राज्यसभेवर नेमणूक झाली आणि १९८७ मध्ये, वयाच्या नव्वदीत, ते गेले.

एका बाबतीत त्यांचे कोणी ऐकले नाही. राष्ट्रीय पक्षी निवडायची वेळ आली तेव्हा त्यांनी माळढोकाचे नाव सुचवले होते. १९६३ मध्ये मान मोराला मिळाला. मोर सुंदर आहे यात वाद नाही. पण मोराला कोणी मारत नव्हते आणि माळढोकाला कोणी वाली नव्हता. त्याला मान मिळाला असता तर निदान त्याच्या माळांकडे लोकांचे लक्ष गेले असते, असा त्यांचा विचार होता. एके काळी दख्खनच्या माळरानांवर रुबाबात चालणारा हा मोठा पक्षी आज महाराष्ट्रात जवळजवळ दिसेनासा झाला आहे आणि राजस्थानच्या वाळवंटी मुलखात थोडे उरले आहेत. आपण माळाला पडीक जमीन म्हणतो. सातबाऱ्यावर पडीक लिहिले की तिथे काही राहते आहे हे सरकारच्याही ध्यानात येत नाही आणि आपल्याही.

आता आमच्या सेनगावच्या खात्याकडे वळतो. गेल्या तीस वर्षांत इथली शिवारे बदलली. ज्वारी हटली, सोयाबीन आले. भोरड्यांचा हंगाम आला तरी गोफण घेऊन माळ्यावर चढणारे पोर आता सहसा दिसत नाही. विहिरीवरच्या बाभळी रुंद झालेल्या रस्त्यांत आणि बांधांच्या वादांत गेल्या. ही खर्चाची बाजू. पण जमेची बाजू कोरी नाही. सलीम अली संस्थानात फिरले तेव्हा पूर्णेवर येलदरी आणि सिद्धेश्वर ही धरणे नव्हती. ती १९६० च्या दशकात उभी राहिली. आज हिवाळ्यात येलदरीच्या काठावर भगव्या अंगाचे चक्रवाक जोडीजोडीने उतरतात. माणसाने आपल्या पिकांसाठी अडवलेल्या पाण्याचा पाखरांनी आपल्या परीने उपयोग करून घेतला. गोदावरीवरचा नाथसागर १९८६ मध्ये पक्षी अभयारण्य जाहीर झाला आणि छत्रपती संभाजीनगरातल्या एका जुन्या तळ्याला सलीम अलींचेच नाव आहे.

तर खर्च किती आणि जमा किती? इथेच आपली अडचण होते. पूर्वी भोरड्या फार होत्या, असे म्हातारे सांगतात. फार म्हणजे किती? कोणत्या महिन्यात? कोणत्या शिवारात? कोणी लिहिलेले नाही. बँकेत जुनी रोजकीर्द नसली की खातेदाराचे कितीही खरे असले तरी त्याचा दावा टिकत नाही. पाखरांचे तसेच आहे. जे कधी लिहिलेच गेले नाही ते नाहीसे झाले तरी कोणाला पत्ता लागत नाही. ते होते हे सिद्ध करायलाही कोणी उरत नाही. हैदराबाद संस्थानाची ती जुनी पाहणी नसती तर मराठवाड्याच्या खात्यात सुरुवातीचे पान कोरेच राहिले असते. ते पान भरले गेले आहे. मधली पानेच्या पाने आपण रिकामी ठेवली.

महाराष्ट्रात २०२० पासून दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळला जातो. पहिला दिवस मारुती चितमपल्लींच्या जन्माचा आणि शेवटचा सलीम अलींच्या. एकाने पाखरे मोजून ठेवली. दुसऱ्याने त्यांची विस्मरणात गेलेली मराठी नावे गोळा करून आपल्या हवाली केली. २०२५ च्या जूनमध्ये चितमपल्लीही गेले. या आठवड्यात शाळांतून भाषणे होतात, चित्रे काढली जातात. ती व्हावीत. पण त्याबरोबर प्रत्येक शाळेत एक जाड वही ठेवली जावी असे मला वाटते. वहीत चारच रकाने असावेत: तारीख, जागा, पाखरू, संख्या. नाव ठाऊक नसेल तर वर्णन लिहावे. पहिला परीट कोणत्या दिवशी आला, पावशा कधी ओरडला, विहिरीवर खोपे किती, एवढेच. दरवर्षी नवी मुले येतील आणि वही पुढे चालेल. हल्ली मोबाइलवरही अशा नोंदी पाठवता येतात आणि त्या जगभरच्या अभ्यासकांना मिळतात. शहरातली पुष्कळ मंडळी हे करतात. नकाशावर आमच्यासारख्या तालुक्यांच्या जागी मात्र नोंदी विरळच दिसतात.

त्यासाठी पदवी लागत नाही. सलीम अलींकडेही नव्हती. पुढे विद्यापीठांनी त्यांना मानाने डॉक्टर केले, पण सुगरणीचा खोपा त्यांनी पाहिला तेव्हा ते नुसते सलीम अली होते, आणि सुगरणीने त्यांना प्रमाणपत्र विचारले नव्हते. येत्या मृगानंतर आपल्या गावच्या विहिरीवर एखादी बाभळ शिल्लक असेल तर घरातल्या मुलांना घेऊन तिथे जरूर जावे. खोपे मोजावेत, पुरे किती आणि अर्धवट किती ते पाहावे आणि घरी येऊन तारखेसह लिहून ठेवावे.